जवळपास

शेराचं वजन. बाबांच्या किराणा दुकानातलं. घरात अजून आहे, मागच्या दाराला टेकण म्हणून. शेर म्हणजे ऐंशी तोळे, ग्रॅममध्ये ९३३. किलो आला तो शेरापेक्षा ६७ ग्रॅम जड निघाला आणि त्या ६७ ग्रॅमची समजूत घालण्यात बाबांची काही वर्षं गेली. साखरेचा भाव चढलेला दिसे, पण पुड्यात साखरही जास्त असे. गिऱ्हाईक भाव बघतं, पुडा कोण बघतो! आई म्हणे, तुझे बाबा त्या दिवसांत जितकं बोलले, तितकं लग्नानंतर कधी बोलले नाहीत.

गाव नेर. यवतमाळहून अमरावतीला जाताना लागतं. पूर्ण नाव नेर परसोपंत. ही यादी तिथल्या मापांची. काही गेली, काही निघाली आहेत, काही गेल्यासारखं दाखवून तिथेच बसली आहेत. एका मापातून दुसऱ्या मापात जाताना दर वेळी थोडं उरतं. ते कोणाच्या पदरात पडलं, एवढंच मी विचारत फिरलो.

तारखा. १ नोव्हेंबर १९५६ ला नेर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. त्याच वर्षी २८ डिसेंबरला वजनमापांचा कायदा. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९६२ पर्यंत शेर कायद्याने बाद. सहा वर्षांच्या आत राज्य दोनदा बदललं, नाणं एकदा, तराजूतलं वजन एकदा. राजधानी कुठली म्हणून विचारलं तर आई थबकायची. आण्याचे पैसे किती, हे मात्र ती झोपेतून उठूनही सांगे.

आणा. सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं निघत नाही, म्हणून कोष्टक असं झालं: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. एकेका आण्याच्या गोळ्या चारदा घेणाऱ्या पोराचे चोवीस पैसे गेले, एकदम घेणाऱ्याचे पंचवीस. तीन आण्यांच्या वस्तूत उलटा पाव पैसा दुकानदाराला. पोरांना हे आठवड्याभरात कळलं. बाबांना कळायला जरा वेळ लागला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंही गेलं, पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून शिजतो.

पायली. एक पायली म्हणजे किती किलो, हा प्रश्नच चुकीचा आहे हे मला शेजारच्या काकूंनी पटवलं. पायली जागा मोजते, किलो वजन. त्याच पायलीत ज्वारी एका वजनाची, तूर दुसऱ्या, सरकी तिसऱ्याच. शिवाय पायली गावागणिक लहानमोठी. पलीकडच्या गावची पायली आमच्या पायलीत ओतली की कमी भरे नाहीतर सांडे, आणि दोन्ही गावं आपलीच खरी म्हणत. त्यात भरणाऱ्याचा हात. मापावर धान्य आपोआप उभं राहतं त्या टेकाडाला शीग म्हणतात. शीग लावून द्यायचं की वरून हात फिरवून घासून, यावर माणसाची परीक्षा होत असे. गोल, गुळगुळीत दाणा घसरतो, त्याची शीग बसकी. मजुरी धान्यात होती तेव्हा घेताना शीग आणि देताना घासून, असे मालक होते. उलट करणारेही होते आणि त्यांची नावं अजून निघतात. किलोला शीग नाही. मापाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्याला शीग मिळाली नाही त्याच्या नातवाला किलोच बरा वाटतो आणि ते बरोबर आहे.

लाभ. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. मग दोन, तीन. काट्याचा आकडा शून्यापासून चढतो, मध्ये लाभाला थांबा नाही.

मापाचं उरलेलं एक काम. नवी नवरी उंबरठ्यावर तांदळाचं माप पायाने लवंडून घरात येते. ते माप हल्ली लग्नाच्या सामानाच्या दुकानात रंगवून, टिकल्या लावून मिळतं. त्यात किती मावतं, हे विकणाऱ्याला विचारलं. म्हणाला, "दिसते चांगलं."

पासंग. रिकाम्या तराजूची पारडी सारखी राहत नसतील तर हलक्या बाजूला बांधलेला खडा, खिळा, चिंधीची गाठ. आमच्या तराजूला एक वॉशर बांधलेला होता. पासंगालाही पुरणार नाही, असं आजची पोरं बोलतात, पण पासंग पाहिलेला पोरगा मला गावात भेटला नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक कळ दाबली की शून्य. तराजूतली खोट पासंगामुळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली असे. काट्याची खोट असलीच तर आत असते.

लोखंडी किलो. षटकोनी. बुडाला भोक, भोकात शिसं, शिशावर निरीक्षकाचा ठसा. शेराला हुसकावणारा तो हाच. आता भाजीवाल्या बाईच्या गाड्यावरही बॅटरीचा काटा आला आणि हा भंगारात निघाला. भंगारवाला त्याचा भाव किलोने करतो. पॅरिसजवळ सेव्रला जगाचा मूळ किलो ठेवलेला आहे, प्लॅटिनम आणि इरिडियमचा. २० मे २०१९ पासून तोही प्रमाण राहिला नाही. किलोची व्याख्या आता प्लांकच्या स्थिरांकावर उभी आहे. तो स्थिरांक मला समजत नाही, पण नेरचा आणि पॅरिसचा धातूचा किलो मागेपुढे एकाच सुमारास कामावरून गेले, हे समजतं.

पावशेर, अदपाव, छटाक. पावशेर वांगी मागितली की २५० ग्रॅम मिळतात. खरा पावशेर २३३ चा. छटाकभर चहापत्ती मागितली की ५० चा पुडा येतो. खरी छटाक ५८ ची. म्हणजे पाव वाढला, छटाक आटली आणि तक्रार दोघांबद्दलही कोणी केली नाही. नवटाक हा शब्द किराणा दुकानातून उठला तो गुत्त्यावर जाऊन टिकला. तिथलं मोजमाप वेगळं.

तोळा. आई तोया म्हणे. आमच्याकडे ळ चा य होतो. तिच्या लग्नातला तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा. मासा आठ गुंजांचा, म्हणून तोळ्यात शहाण्णव गुंजा, लाल, टोकाला काळा ठिपका. तिच्या डब्यात दहा-पंधरा गुंजा होत्या, कशासाठी ते तिलाही आठवत नव्हतं. सराफाकडे आज तोळा म्हटलं की १० ग्रॅम. सुनेला दोन तोळ्यांची पोत घालीन असा तिचा शब्द होता. घातली ती वीस ग्रॅमची. शब्द पाळला गेला आणि सव्वातीन ग्रॅमच्या वर सोनं मधल्यामध्ये राहिलं. तिला हे मी सांगितलं नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. अपूर्णांकांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. चार, सोळा, चाळीस यांच्या जगात हे पाढे रोज लागत. दहाच्या जगात टिंब एक घर सरकवलं की काम झालं, म्हणून शाळेने ते सोडून दिले. सोडले ते ठीक. पण यांतली अडीचकी अजून रोज लागते आणि ती येणारी माणसं संपत आली. कशाला लागते ते पुढे.

एकर, गुंठा, आर. गुंठा म्हणजे एका साखळीचा चौकोन. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पुढे मुंबईच्या पद्धतीने रयतवारी मोजणी झाली आणि एकर-गुंठे आमच्या वावरांत उतरले. आज एकर आजोबांचा वाटतो आणि हेक्टर सरकारचा. एकरही आला तेव्हा सरकारचाच होता. त्याआधी वावर बियाण्याने मोजत: तीन पायलीचं वावर, पाच पायलीचं वावर. हलक्या जमिनीत बियाणं वेगळं लागे, भारीत वेगळं, म्हणजे त्या मोजण्यात मातीही धरलेली असे. साखळीने माती सोडून दिली, लांबी-रुंदी तेवढी ठेवली.

सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर. हेक्टरचे एकर २.४७. इथे अडीचकी. नव्वदीच्या घरातला आमचा एक नातेवाईक, तीन हेक्टर म्हटलं की डोळे मिटून साडेसात एकर सांगतो. खरे ७.४१. त्याला साडेतीन गुंठे जास्त मिळतात, तोंडी. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, १०७६ चौरस फूट, गुंठ्याहून तेरा चौरस फूट लहान. तेरा चौरस फूट म्हणजे एक खाट जेमतेम. सगळे आर आणि गुंठा एकच धरून चालतात आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

बिघडतं ते काठावर. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राची कर्जमाफी जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यापुढच्याला सवलत. योजनेच्या सूचनांत दोन हेक्टरच्या पुढे कंसात पाच एकर असं छापलेलं होतं. पाच एकर म्हणजे २ हेक्टर आणि वर दोन आर. ते दोन आर कंसात मावले. विदर्भात तेव्हा जो गदारोळ झाला तो या दोन आरसाठी नव्हता. कोरडवाहू मुलखात पाच एकरांवर घर चालत नाही आणि तरी सहा-सात एकरवाला पऱ्हाटी उत्पादक मोठा शेतकरी ठरला, दोन एकर उसाला पाणी देणारा लहान, यासाठी होता. पण आमच्या ओट्यावर आलेल्या एकाने विचारलं ते वेगळंच. त्याच्या सातबाऱ्यावर २.०२ होतं. "मी कंसातला का भाईरचा?"

एकरी क्विंटल. कापूस किती झाला म्हटलं की उत्तर असं येतं: एकरी सात क्विंटल, एकरी आठ. वर मेट्रिक, खाली इंग्रजी. हे माप जगातल्या कुठल्याच कोष्टकात नसेल. गावात याच्याशिवाय दुसरं नाही. नुकसानीची मदत मात्र हेक्टरी जाहीर होते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० असं रेडिओवर ऐकलं की पारावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात भागाकार सुरू होतो आणि चेहरे उतरतात. रक्कम तीच असते, पण एकरी ३,४०० ऐकायला कमी वाटते. सरकारला हेक्टर का आवडतो याचं हेही एक कारण असावं, असा माझा एक संशय.

बियाण्याची पिशवी. बीटी कपाशीची पिशवी ४५० ग्रॅमची आली. अर्ध्या किलोची का नाही? कारण ती एका एकराची. एकर ग्रॅमच्या पिशवीत लपून बसला. पुढे पिशवी ४७५ ची झाली, एकर तोच. लागवडीचं अंतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत सेंटिमीटरमध्ये असतं, ९० बाय ६०. वावरात दोरीला गाठी पडतात त्या तीन बाय दोनच्या. दोन्ही एकच म्हणायचं. चार बाय एकने लावलं तर एकरात १०,८९० झाडं बसतात. हा आकडा ओळखीचा वाटला म्हणून पाहिलं: गुंठ्याच्या चौरस फुटांची दहापट. साखळी गेली, तिचं गणित तिथेच आहे.

झाकण. फवारणीच्या औषधाचं. बाटलीवर मिलिलिटर लिहिलेलं असतं, अक्षर मुंगीएवढं. पंपावर माप झाकणाचं: एक झाकण, दीड झाकण, आळी फार असेल तर अजून अर्धं. प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती, मिश्रणं होती, माणसापेक्षा उंच वाढलेली पऱ्हाटी होती, अंगावर नसलेले कपडे होते. पण झाकणाला मी या यादीत घेतो. हे माप गेलं तर मला दुःख होणार नाही.

ओल. मृगाचा पाऊस झाला की वावरात हात घालून माती उकरायची. बोटभर ओल, चार बोटं, ईतभर. ईतभर असली की तिफन काढायची. आता सल्ला येतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. म्हणजे तीन-चार इंच. सल्ला चांगला आहे, पण तो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडलेल्या पावसाचा असतो आणि पाऊस धुऱ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. हात ज्याच्या त्याच्या वावरात जातो. अतिवृष्टीची रेघ ६५ मिलिमीटरवर. अडीच इंचांच्या थोडं वर, पुन्हा अडीच. ६४ पडला तर नाला तितकाच फुगतो, पण ती अतिवृष्टी नव्हे.

आणेवारी. सरकारी नाव पैसेवारी. पीक रुपयात किती आलं ते. पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाई. नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, आमच्याकडची अंतिम ३१ डिसेंबरला. आणा जाऊन साठाहून जास्त वर्षं झाली, पन्नास पैशांचं नाणंही आता कोणी घेत नाही, तरी डिसेंबरात नेरच्या चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असतो, "आनेवारी किती काढली?" पीक मोजायला आजही मोडका रुपयाच लागतो, हे मला वर्षानुवर्षं खटकत आलंय. सत्तेचाळीस आणि एक्कावन्न यांच्यामध्ये चार पैसे असतात. त्या चार पैशांत कर्जाची वसुली थांबते किंवा थांबत नाही.

खंडी. धान्याची वेगळी, वीस मणांची. रुईची वेगळी: ७८४ पौंड, म्हणजे ३५६ किलो. जुनी गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठींची बरोबर एक खंडी. साडेतीन हंड्रेडवेटची गाठ, म्हणजे औटकीचं काम. आता गाठ १७० किलोची झाली. दोन गाठी ३४०. खंडीला सोळा किलो कमी पडतात. तरी रुईचा भाव खंडीतच बोलला जातो, रोज, वायदेबाजारापर्यंत. शेतकरी क्विंटलमध्ये विकतो, व्यापारी खंडीत मोजतो, गिरणी सूत काउंटमध्ये काढते: एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो काउंट. कापूस नेरहून निघाल्यापासून सूत होईपर्यंत तीन भाषा बोलतो. पूर्वी तो दारव्ह्याला शकुंतलेत चढे. यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी, किलिक निक्सन कंपनीची. रुळांतलं अंतर अडीच फूट, कागदावर ७६२ मिलिमीटर. गाडी बंद आहे.

सूत. हे दुसरं, गवंड्याचं. इंचाचे आठ सूत. लोखंडाच्या दुकानात तीन सुती, चार सुती सळई मागतात. दुकानदार दहा एमएम, बारा एमएम काढून देतो. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, इथे गिऱ्हाइकाला थोडं जास्त मिळालं. चार सूत म्हणजे १२.७. बारा एमएमच्या सळईत लोखंड दहा टक्क्यांहून जास्त कमी. एका सळईत मिळालं, दुसरीत गेलं, स्लॅब दोन्हीवर उभा. रेती आणि मुरूम ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांनी. गौण खनिजाची रॉयल्टीही राज्यात ब्रासवरच घेतात, तिथे मेट्रिकचा हट्ट नाही. घरकुल २५ चौरस मीटरचं. गावात त्याचं नाव दोनशे एकोणसत्तरचं घर. एवढा अचूक अनुवाद मी दुसरा पाहिला नाही. आयुष्यात एकदाच घर बांधणारा माणूस सत्तर म्हणत नाही, एकोणसत्तर म्हणतो.

वार. कापड मीटरने. नऊवारी मात्र नऊवारीच, ८.२३ मीटर. सव्वाआठ मीटरी असं कोणी म्हणून पाहावं.

परस. विहिरीची खोली. हात वर केलेल्या माणसाच्या उंचीने. आठ परस, दहा परस. मोजणारा विहिरीत उतरलेलाच असे, म्हणून माप कधी चुकीचं ऐकलं नाही. बोअर आला आणि खोली फुटांत गेली, दोनशे, तीनशे. तिथे माणूस उतरत नाही. गावाच्या नावातल्या परसोपंताशी या परसाचं नातं कोणी लावू नये. मी लहानपणी लावलं होतं.

ताप. एकशे दोन. ऊन. सेहेचाळीस. मे महिन्यात एकाच खोलीत दोन्ही असतात, एक फॅरनहाइटमध्ये, एक सेल्सिअसमध्ये, आणि कोणाची गल्लत होत नाही. उन्हाचा पारा फॅरनहाइटमध्ये लिहिला तर ११५ होईल. नको.

हवा. सायकलच्या दुकानात, पौंडात. पंपाचा काटा फुटला आहे. अंगठ्याने दाबून, "झाली."

कोस, मैल, फर्लांग. कोस चालणाऱ्यांबरोबर गेला. फर्लांग, मैलाचा आठवा भाग, २२० वार, आईच्या तोंडी होता: शाळा घरापासून फर्लांगभर. तिच्यानंतर मी तो कोणाकडून ऐकला नाही. मैलाचे दगड बदलून किलोमीटरचे आले, नाव मैलाचे दगडच राहिलं. मैल स्वतः मात्र पहाटे दिसतो. पोलीस भरतीची पोरं उजाडायच्या आत यवतमाळ रस्त्याला पळतात. परीक्षेतलं अंतर १,६०० मीटर. इतकं वेडंवाकडं का, पंधराशे का नाही, म्हणून एकाला विचारलं. ठाऊक नव्हतं. मैल १,६०९ मीटरचा असतो. नऊ मीटर सोडून दिले की तोच. उंची १६५ सेंटिमीटर लागते, पाच फूट पाच इंच. छाती न फुगवता ७९. त्याची उंची १६४ भरते. घरी लग्नाच्या बोलणीत त्याला साडेपाच फूट सांगतात, तिथे चालून जातं.

पावलं. शेवटची नोंद, मागच्या उन्हाळ्यातली. दोन चुलतभावांमध्ये धुऱ्याचा वाद. मोजणी मागवली. मोजणीवाला पोरगा आला, पंचविशीचा, हातात काठीवर बसवलेला रोव्हर. साखळी नाही, झेंडे नाहीत. उपग्रहावरून कोपरे घेतले, तासाभरात काम आटोपलं. त्यांतला थोरला धुऱ्यावर बसून होता, डोक्याला पंचा.

"आजोबा, तुमचे दोन आर तिकडं गेलेत."

"दोन आर म्हंजे?"

"दोन गुंठ्यांच्या जवळपास."

"जवयपास नोको सांगू, बाप्पा. बरोबर सांग."

पोराने मोबाईल काढला. बारा वाजून गेले होते, पडद्यावर ऊन. त्याने एका हाताची सावली धरली आणि आकडे मारू लागला. म्हातारा उठला. धुऱ्याच्या या टोकापासून पावलं टाकत गेला, तिकडून तशीच टाकत परत आला.

"बावन," म्हणाला, आणि पुन्हा बसला.